राखेचा क्रूस

राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये फादरांनी पश्चात्तापाची खूण म्हणून इनासच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला, तो उमटलाच नाही. त्यांनी अंगठा पुन्हा राखेत बुडवला, तिसऱ्यांदा दाबून रेघ ओढली. तरी कपाळ कोरेच राहिले.

"तेल चोपडून आलायस काय रे?" मागून नतालमावशी खुसखुसली.

फादर हसले नाहीत. "कोणाची क्षमा मागायची राहिली आहे का, इनास?"

"पापनिवेदनात दरवर्षी सांगतो ना, फादर."

"मला सांगतोस. सिमावला?"

सामाईक विहिरीच्या भांडणात इनासने थोरल्या भावाचे, सिमावचे, पाणी तोडले होते. त्याची केळीची वाडी उभी वाळून गेली. तेव्हापासून इनासने त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. आज मिस्साची प्रार्थना संपताच तो थेट तिकडे गेला.

अर्धांगाने खाटेला खिळलेल्या सिमावच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. एकावर एक तीनदा काढल्यासारखा, जाड.

"हा कोणी लावला, दादा?"

"कोणीच नाही. मघाशी आपोआप उमटला. सून पुसून दमली, जात नाही."

इनासचे गुडघे जमिनीला टेकले. "दादा, तुझे पाणी मी तोडले. मला क्षमा कर."

सिमावने धड असलेल्या हाताचा अंगठा स्वतःच्या कपाळावरून फिरवला आणि भावाच्या कपाळावर टेकवला. क्रूस ठळक उमटला. सिमावचे कपाळ स्वच्छ झाले.

"रडत काय बसलास? जा, पाणी सोड," तो म्हणाला. "केळी लावायला अजून वेळ आहे."