पानाखालचा आकडा

पिसिलाची वही पुन्हा कोरीच होती. वर नीट अक्षरात शीर्षक, 'आमची होडी'. खाली पानभर काही नाही.

"उभी राहा," लेसिएली म्हणाली. आवाज चढवायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं. शुक्रवारची दुपार. पत्र्याखाली सहावीचा वर्ग भाजून निघत होता. टोंगाच्या या टीचभर बेटावर शिकवायला लागून तिला सव्वीस वर्षं झाली होती. "धक्क्यावर अख्खं गाव गोळा करून हसवतेस म्हणे. आजोबांच्या होडीत शार्क शिरला ती गोष्ट सांगून. मग तीच लिही की! लिहिताना काय दातखीळ बसते?"

पिसिलाने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. गेल्या वर्षी असल्याच कोऱ्या पानापायी नापास झालीस. आता बाप शाळा सोडवील आणि मावशीशेजारी चटया विणायला बसवील. चालेल?"

"नाही, बाई."

"मग?"

पोरीने पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरली. "धक्क्यावर कुणी चुका मोजत नाही, बाई."

वर्गात खसखस पिकली. लेसिएलीने दटावलं नाही. समोर बाकीच्या वह्या उघड्या पडल्या होत्या. प्रत्येक पानाखाली लाल गोल आणि गोलात आकडा. सतरा. नऊ. चोवीस. शाबासकीचा एक शब्द म्हणून नव्हता. आकड्यांखेरीज आपण शेवटचं काय लिहिलं, ते तिला आठवेना. ऑकलंडच्या बहिणीलासुद्धा ती फोनच करायची. पत्र कधीच नाही.

 ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. पाठ करायला म्हणून पुस्तकातून उतरवून दिलेला निबंध फळ्यावरून पुसला आणि खडू घेतला. अक्षर वाकडंतिकडं येत होतं.

'मी चौदा वर्षांची होते. आई नुकतीच गेली होती. मी तिच्यावर निबंध लिहिला. आमच्या बाईंनी तो वर्गात मोठ्याने वाचला. दर चुकीला त्या थांबायच्या, आणि सगळ्या मुली एका सुरात आकडा म्हणायच्या. आईने अंथरूण धरलं, तिथवर बारा झाले. आई गेली, तिथे एकतीस.'

"बाई, दुसऱ्या ओळीत शब्द चुकलाय," पुढच्या बाकावरून व्हिलियामी म्हणाला.

"असू दे."

'सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर मी कधी काही लिहिलं नाही.'

इथे खडू थांबला.  मागून पेन्सिलीची खरखर येत होती. ती वळली. पिसिला टेबलावरची वही कधी घेऊन गेली, खाली कधी बसली, कळलंही नव्हतं. तिचं अर्धं पान भरलं होतं. तिने मान वर केली, फळा शेवटपर्यंत वाचला.

"मग पुढं काय झालं, बाई?"

लेसिएलीने पांढऱ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं.

"पुढं मी तुमची बाई झाले."