मामंजींसमोर

“ताई, सकाळधरनं अंगावरनं लई जातंय. कापडाची घडी पार भिजली,” साळूबाई कुजबुजली. परवाची बाळंतीण ती. “डॉक्टर आले की तुमीच सांगा. मामंजींसमोर मला नाय बोलता येत.”

“सांगते,” उमा म्हणाली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोर, चादर बदलता बदलता कबूल करून बसली.

राउंड आला. एरवी राउंडला नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढतात, पण गावच्या सरपंच काकासाहेबांना कोण काढणार? सासरे सुनेच्या उशाशीच उभे. साळूबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

“काही त्रास?” डॉक्टरांनी विचारलं.

“काय नाय, साहेब. ठणठणीत हाय,” काकासाहेबच बोलले. “सुट्टी द्या. दुपारची गंगापूरची एसटी गाठतो.”

पदराआडून साळूबाई उमाकडं बघत राहिली.

बोल की, बये! उमाचं मन तिच्यावरच ओरडत होतं. पण शेजारी सिस्टर. विद्यार्थिनींना त्यांची एकच शिकवण: राउंडला ट्रे सरळ, तोंड बंद. कालच एकीला सगळ्यांदेखत झापलं होतं. एवढं भ्यायचं काय होतं त्यात? पण भ्याली. तिनं ट्रे सरळ धरला.

“ठीक आहे, द्या सुट्टी.” डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

राउंड अजून वॉर्डातच होता. साळूबाई पिशवी उचलायला वाकली अन् तिथंच कोसळली. फरशीवर रक्तच रक्त. धावाधाव झाली, सलाइन लागलं, स्ट्रेचर आलं. “थिएटरला घ्या, लगेच!” डॉक्टर ओरडले.

“सकाळी हिची चादर कुणी बदलली?” सिस्टर कडाडल्या. “उमा! तुला काहीच बोलली नाही ही?”

आता तरी! उमानं तोंड उघडलं.

“त्यांना कशाला बोलता?” स्ट्रेचरवरून साळूबाईच म्हणाली. चेहरा पांढराफटक, पदर डोक्यावरून घसरलेला, सासरे हातभर अंतरावर. तरी सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. “म्या कुणालाच सांगितलं नाय. त्या पोरीचा काय बी कसूर नाय.”

काकासाहेब खाली बघत राहिले.

उमानं पुढं होऊन साळूबाईचा पदर डोक्यावर सारखा केला. तोंड मात्र तिनं पुन्हा मिटलं होतं.