नांदेडचे काका

"कुठून आलात काका?" पाळण्याला झेंडूची माळ गुंडाळता गुंडाळता त्या तरुणानं विचारलं.

"नांदेडहून," रेणुकादास म्हणाले.

तरुणाचे हात थांबले. त्यानं वळून हाक मारली, "मनस्विनी, अगं लवकर ये! नांदेडहून काका आलेत!"

कडेवर बाळ घेऊन एक मुलगी लगबगीनं आली. रेणुकादासांनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्ख्या चुलत बहिणीची लेक समोर उभी होती आणि चेहरा ओळखीचा वाटत नव्हता. इंदूच्या या पोरीला घरात सगळे बेबी म्हणत. तिचं खरं नाव त्यांना आज, या क्षणी कळत होतं. निमंत्रण फोनवर आलं तेव्हा हॉलचं नाव तेवढं वाचून त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. गेली चौदा वर्षं ते हेच करत आले होते. मुंजी झाल्या, डोहाळजेवणं झाली, इंदूच्या सासूचं वर्षश्राद्ध झालं. सगळ्याला जोडलेले हात.

कारण म्हणाल तर अगदी क्षुल्लक. एका मुंजीत इंदूच्या नवऱ्यानं, राघवेंद्रनं, त्यांना मागच्या पंगतीला बसवलं होतं. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, पण मान राखला गेला नाही म्हणून रुसून बसला. यंदा मात्र इंदूनं फोन केला होता. "दादा, या वेळी तरी ये. मी वाट बघते."

मनस्विनी वाकून पाया पडली.

"पोरी, तुमच्या कशालाच आलो नाही मी," रेणुकादास म्हणाले. "लग्नालासुद्धा नाही. माझं चुकलं."

आपण एवढं बोलू असं त्यांना वाटलं नव्हतं. मुलीचे डोळे भरून आले. तिनं विचारलं, "बाबांना माहितीये, तुम्ही आलात ते?"

"माहीत झालं तर झालं. मी काय त्यांना घाबरतो?"

ती रडता रडता हसली. बघता बघता सगळ्या हॉलमध्ये बातमी पसरली. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक बाई पुढं आली. "आलात! लई बरं केलंत भाऊ. मला वळखलं का? मी उमाबाई."

"वा, म्हणजे काय!" रेणुकादास म्हणाले आणि त्यांचे कान तापले. ही बहुधा जावयाच्या घरची असावी. तिनं आपल्याला ओळखलं आणि आपण मात्र कोरे. "इंदू कुठंय?"

उमाबाईनं चष्मा सारखा केला. "येतील की. तुमी बसा."

पहिल्या पंगतीत पहिलं ताट त्यांचं. पुरीवर पुरी आली. त्यांनी नको म्हटलं की मनस्विनीचा चेहरा उतरे, म्हणून ते खात राहिले. मागच्या पंगतीवरून चौदा वर्षं धुमसलेल्या माणसाला आता प्रत्येक घास लाजवत होता.

जेवणं उरकली. बायकांनी पाळणा म्हटला. कानात नाव सांगायची वेळ आली तेव्हा रेणुकादासांनी विचारलं, "आत्या कुठाय बाळाची?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. बाळाचा बाप माळेकडं बघत राहिला.

"तुमीच सांगा की," उमाबाई घाईनं म्हणाली. "मोठ्या माणसाच्या तोंडून चांगलं."

ते वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा वास होता. मनस्विनीनं हळूच सांगितलेलं नाव त्यांनी म्हटलं, "गिरिजा", तीनदा म्हटलं. खिशातले चांदीचे वाळे काढून स्वतः बाळाच्या पायात घातले. फोटो निघाले. मनस्विनीनं त्यांचा हात सोडला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. इंदू होती.

"दादा, कुठवर आलास? तुझ्यासाठी पाळणा थांबवून ठेवलाय."

"अगं, मी तर हॉलमध्येच..."

"कुठंय? मी दारातच उभी आहे. वर नाही ना गेलास? वर दुसऱ्या कुणाचंतरी बारसं आहे. आपलं खाली."

रेणुकादास हात धुवायच्या नळापाशी जाऊन उभे राहिले. परक्यांच्या बारशात पहिल्या पाटावर बसलो. जेवलो. त्यांच्या लेकराचं नावसुद्धा ठेवलं. आणि स्वतःची भाची ओळखू आली नाही म्हणूनच ना हे सगळं? गुपचूप जिना उतरावा असं मनात आलं. पण ती मुलगी रडली होती. तिला तोंडावर सांगायला हवं.

ते वळले तर उमाबाई समोर, हातात विड्याचं तबक.

"बाई, मला क्षमा करा," ते म्हणाले. "मी यांचा कुणी नाही. मजला चुकलो. तुम्ही ओळख दाखवलीत, मी होला हो केलं. आता त्या मुलीला सांगून येतो."

तबक कलंडलं. उमाबाईनं त्यांची बाही घट्ट धरली.

"न्हाई, न्हाई. तिला न्हाई सांगायचं."

"अहो, पण तुम्ही तर मला ओळखत होतात..."

"मी कुठली वळखते! तुमाला परकं वाटू नये म्हणून तसं म्हटलं. मी यांच्या गल्लीत खानावळ चालवते." उमाबाईचा आवाज खाली आला. "पोरांनी आपल्या मनानं लग्न केलं, दोन्ही घरांनी तोंड फिरवलं. तरी सगळ्यांना पत्रिका धाडल्या, पोरीनं कधी न बघितलेल्या नांदेडच्या काकांनाबी. हितं जमलोय ते आमी सगळे शेजारपाजारचे हाव. घरचं म्हणून आलेलं माणूस, भाऊ, तुमी एकलेच होता."