नववा नंबर

"नऊ," ऋता फोनवर म्हणाली. "बाबा, माझा नववा नंबर आलाय."

शिरीष हेगच्या ऑफिसात मीटिंग अर्धी टाकून जिन्यात आला होता. त्याने कठड्याला हात टेकला. मेडिकलच्या साडेतीनशे जागा, दोन हजारांहून जास्त अर्ज आणि त्याची लेक नववी. म्हणजे प्रवेश पक्का. "पण बाबा, तो नंबर ना..." ऋता पुढे सांगू लागली, तोवर त्याने फोन ठेवून सुमेधाला लावलाही होता. सुमेधा हेगशेजारच्या झूटरमेरमध्ये, घराजवळच्या सुपरमार्केटात कांदे निवडत होती. नवऱ्याचं बोलणं पुरतं ऐकायच्या आत कांद्यांची पिशवी तिथेच सोडून ती सायकलवर बसली.

वर्षभर त्या घराने श्वास रोखून धरला होता. शाळेच्या शेवटच्या वर्षाआधीच्या वर्षात ऋताची पहिली सहामाही साफ बिघडली होती. रसायनात दहापैकी पाच, भौतिकात पावणेपाच. काय झालं, असं विचारलं की ती म्हणायची, जमलं नाही. पुढच्या सहामाहीत तिने कंबर कसली आणि आठाच्या खाली एकदाही गेली नाही. पण मेडिकलची निवड करताना बरीच विद्यापीठं नेमक्या त्याच वर्षाचे मार्क बघतात. शिरीषने एक्सेलमध्ये सगळं मांडून पाहिलं होतं. ती एक सहामाही सरासरीला कुठे नेते, सरासरी नंबरला कुठे नेते. आकडे कसेही फिरवले तरी ऋता पाचशेच्या पलीकडेच जात होती. हे त्याने महाराष्ट्र मंडळात कोणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. अर्ज मात्र ऋताने एकटीने भरला. डच तिला मातृभाषेसारखं येत होतं, आणि शिरीषचं डच अजून शेजाऱ्याला हवापाणी विचारण्यापुरतंच होतं.

त्या दुपारी त्याने ती एक्सेलची फाइल उडवून टाकली. मार्कांशिवाय नंबर येतो कुठून? नंतरच्या आठांनी आधीचे पाच गिळले असणार, एवढं त्याने स्वतःशी ठरवलं आणि पुण्याला फोन लावायला घेतले. आत्या झाली, मावशी झाली, दोन चुलते झाले. जेवताना ऋताने पुन्हा विषय काढला, तेव्हा तो तिसऱ्या चुलत्याशी बोलत होता.

शनिवारी मंडळाचं चैत्राचं हळदीकुंकू होतं. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. आंब्याची डाळ होती, पन्हं होतं, आणि शिरीषने हेगच्या मिठाईवाल्याकडून आणलेले पेढ्यांचे चार बॉक्स होते. तो ते स्वतः हातात घेऊन रांगेरांगेने फिरत होता. मंडळाचे अध्यक्ष श्यामकांत यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आमच्या चिरंजिवांना रोज सकाळी ऋताच्या हातचं ग्लासभर पाणी पाजायला हवं, म्हणाले. चिरंजीव शेजारीच उभे होते. त्यांनी मोबाइलमधून मान वर केली नाही.

मग श्यामकांतांनी माइकवरून ऋताला पुढे बोलावलं. दोन हजारांत नववी कशी आलीस, अभ्यासाचं वेळापत्रक काय होतं, ते लहान मुलांना सांग, असा आग्रह धरला. पुढच्या रांगेतल्या रूपालीने पर्समधून वही काढली आणि आपल्या मुलीला नीट बस म्हणून कोपर मारलं. शिरीष रिकामा बॉक्स छातीशी धरून उभा राहिला. हा क्षण जरा लांबला तरी चालेल, असं त्याला वाटत होतं.

ऋताने माइक घेतला.

"माझी मागच्या वर्षीची पहिली सहामाही वाईट गेली होती. रसायनात मला पाच होते," ती म्हणाली. "जिथे मार्क बघतात, तिथे मला घेतलंच नसतं. म्हणून मी असं विद्यापीठ शोधलं, जिथे पात्र असलेल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढतात. म्हणजे कॉम्प्युटर काढतो. माझी नववी निघाली. मी बाबांना सांगत होते, पण ते सारखे फोनवर होते."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. रूपालीची वही मिटली. श्यामकांतांच्या हातातला पेढा तोंडाशी थांबला.

"म्हणजे मेरिट नाही?"

"नाही, काका. शाळेची शेवटची परीक्षा पास व्हायला लागतं. ती पुढच्या महिन्यात आहे, ती मी होईन. पण नंबर नशिबाचा."

शिरीषचे कान तापले. चार दिवसांत त्याने किती जणांना फोन केले, ते सगळे एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आले. हिला खाली उतरवावं आणि घरी न्यावं, एवढंच त्याला सुचत होतं. तो ताडताड चालत निघाला. सुमेधाने त्याची बाही धरली, ती सुटली.

ऋता मात्र जागची हलली नाही. मान खाली घातली नाही, की सारवासारव केली नाही. पाच मार्क होते ते पाचच सांगून ती बापाकडे बघत शांत उभी होती. तिच्याजवळ पोचेपर्यंत शिरीषचा राग कुठेतरी गळून गेला. त्याने माइक घेतला. मग त्याला हसू आलं. ते आवरेना.

"पेढे खाली ठेवू नका, श्यामकांतराव. ते खरेच आहेत," तो म्हणाला.

मग तो ऋताकडे वळला. सुमेधा कान देऊन ऐकू लागली, कारण वीस वर्षांच्या संसारात हे तिनेही कधी ऐकलं नव्हतं.

"पंच्याण्णव साली माझं मेडिकल दोन मार्कांनी हुकलं. कॉलेजच्या बोर्डावरची यादी मी तीनदा वाचली, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं."