घोकंपट्टी

ते जीवरसायनशास्त्राचे नामवंत संशोधक होते, संस्थेचे संचालक होते, आणि विद्यापीठात वर्षानुवर्षे शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे लेखकही तेच होते. त्या पुस्तकात त्यांनी एका विकराविषयी, म्हणजे एन्झाइमविषयी, ठामपणे लिहिले होते की, तापवल्यावर ते कायमचे निकामी होते. परंतु यंदा त्यांच्याच प्रयोगशाळेत सिद्ध झाले की, थंड होताच तेच विकर पुन्हा कामाला लागते. ही आनंदवार्ता त्यांनी जेवताना लेकीला सांगितली, आणि तिने मोठ्या अभिमानाने परीक्षेत तसेच लिहिले.

लेक नापास झाली. एवढ्या एका उत्तराने तिची गाडी अडली होती.

"सर, माझा नाइलाज आहे," परीक्षक फोनवर अजिजीने म्हणाले. "उत्तरं तुमच्याच पुस्तकाशी ताडून बघायची, असा नियम आहे."

"मग मी उद्याच पुस्तक दुरुस्त करतो!" संचालक गरजले.

पत्नीने त्यांच्या हातून फोन काढून घेतला.

"अहो, जरा डोकं ठिकाणावर ठेवा. आत्ता पुस्तक बदललंत तर सगळे म्हणतील, लेकीला पास करायला बापानं विज्ञानच फिरवलं. पोरीनं जन्मभर हेच ऐकायचं का?"

संचालकांनी कपाटातून आपलेच पुस्तक काढले.



फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी ते लेकीकडून स्वतःचीच चूक घोकून घेत होते, आणि तिच्या तोंडून खरे उत्तर निसटले की तिच्यावर डोळे वटारत होते.