मार्चमधली झोप

रात्रपाळी संपवून वृषाली घरी आली, तेव्हा हेरंब मनगटाला पट्टा बांधून तिची वाटच बघत होता. ती इस्पितळात नर्स, तो एका कंपनीत अकाउंटंट. पगार तिच्या दुप्पट आणि काम बसल्या जागी, हे त्याला फार खुपायचं. म्हणून थकवा एका अंगातून दुसऱ्या अंगात नेणारे पट्टे बाजारात आल्याबरोबर त्याने जोडी आणली आणि तिचा शिणवटा रोज स्वतःवर घ्यायला लागला. वर्षाचे हिशेब मिटवायच्या धांदलीचा मार्च महिना तेवढा सोडायचा.

पट्टे जुळले. तिचे पाय हलके झाले, त्याचे खांदे पडले.

"बाप रे! आज फारच आहे गं. काय झालं?"

"एक बाळ गेलं. दोन बोटांनी छाती दाबत राहिले. बोटं बधिर झाली, तरी गेलं."

त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू झोप आता. मी ऑफिसात निभावतो कसंतरी."

ती जाऊन पडली. डोळे टक्क उघडे. बोटांचा बधिरपणा गेला होता. त्यांच्याखालची ती इवलीशी छाती मात्र गेली नव्हती.

थोड्या वेळाने ती उठून बाहेर आली. हेरंब बूट घालता घालता पेंगत होता. तिने त्याच्यापुढे मनगट धरलं.

"परत दे."

"वेडी आहेस का? दमशील!"

"दमू दे. हेरंब, अख्ख्या वर्षात मला झोप लागते ती फक्त तुझ्या मार्चमध्ये."