पीआर होईपर्यंत

लग्न करून तेजश्री मेलबर्नला गेली आणि चौथ्याच महिन्यात नवऱ्याने तिच्यावर हात उचलला. तिने कोपरखैरण्याला आईला फोन केला. आई प्रेमला म्हणाली, "पीआर होईपर्यंत कळ काढ बाळा. आत्ता आलीस तर सगळंच हातचं जाईल. एकदा तिथं कायमचं राहायचा कागद मिळाला की तुला कुणाची गरज नाही."

पुढची तीन वर्षं तेजश्री फोन करत राहिली आणि प्रेमला तिला हेच सांगत राहिली.

आज सकाळी तेजश्रीने व्हिडिओ कॉलवर पीआरचं पत्र दाखवलं. वडील कृष्णात मार्केटला कामावर निघाले होते, ते दारातूनच मागे फिरले.

"आता निघ तिथनं," ते म्हणाले. "वेगळी राहा, नाहीतर सरळ इकडं ये. आम्ही आहोत."

"सुटलीस गं पोरी," म्हणत प्रेमलाने डोळ्यांना पदर लावला.

तेजश्रीने पत्राची नीट घडी घातली.

"राहू दे आई," ती म्हणाली. "आता मारलं तरी लागत नाही."